चार तासांची भट्टी

ओतारी हे त्याचं नाव.
आपल्या भाषेत ओतारी म्हणजे धातू ओतणारा;
तिकडे, जॉर्जियातल्या कुताइसीत, ते नुसतंच नाव,
आणि ओतकाम त्यानं जन्मात केलं नाही.
तो झिजलेल्यावर चढवतो.

क्रँकशाफ्ट येतात गोणपाटात गुंडाळून,
जुन्या व्होल्गांचे, डोंगरात सफरचंदं ओढणाऱ्या ट्रकांचे.
कुठे तेल आटलेलं, कुठे मालकाची अक्कल.
तो मायक्रोमीटर लावतो, ओठ आवळतो.
अकरा शतांश. चौदा. इथे तर एकोणीस.
"दोन-तीन केसांची तर गोष्ट," गिऱ्हाईक म्हणतं.
"घशात एक अडकू दे, मग बोल."

आधी आणखी घासायचं. हेच लोकांना पटत नाही.
पण झीज लंबगोल असते, लबाड,
तिच्यावर चढवलं तर क्रोमही लबाडच बसतं.
मग धुणं: कॉस्टिक, पाणी, आम्ल, पाणी.
नाया नवी होती तेव्हा तिच्या अंगठ्याचा ठसा राहिला,
तेवढ्याच जागी पापुद्रा सुटला, अंगठ्याएवढा.
"सही केलीस," म्हणाला,
आणि ते काम दुसऱ्यांदा फुकट केलं.

मग हौद. पंचावन्न अंशांचा, काळपट नारिंगी,
भोवती शिशाचे पत्रे, वर फेस,
फेसातून उठणारा धूर, ज्यानं
ओतारीच्या नाकातला पडदा आरपार खाल्लाय.
थंडीत श्वास घेताना त्यातून शिट्टी वाजते.

भीती मात्र वेगळीच.
क्रोम बसताना हायड्रोजनही बसतो.
क्रोम बाहेर, हा आत,
पोलादाच्या कणाकणांत, बिनभाड्याचा.
त्याला वजन नाही, वास नाही,
ठोकून पाहा, सूर तोच.
हुसकायचा तर तासाभरात भट्टी,
एकशे नव्वद अंश, चार तास. सलग.

त्या हिवाळ्यात वीज पाहुणी होती.
त्या रात्री नवल, अकरा तास टिकली,
तारिएलच्या मिनीबसचा क्रँक हौदातून उजळून निघाला,
भट्टीत गेला,
आणि चाळीसाव्या मिनिटाला अंधार.

तिसऱ्या दिवशी दिवे आले. पुन्हा भाजला, पुरे चार तास.
उपाशी माणूस उठून गेल्यावर वाढलेलं पान.
"सांग त्याला," नाया म्हणाली.
तारिएल दारात उभा होता, भाजलेले चेस्टनट घेऊन,
कागदाच्या पुड्यात, अजून गरम.
ओतारीनं एक सोलला. खाल्ला.
काही सांगितलं नाही.

सात आठवड्यांनी, रिकोतीच्या घाटात, बर्फात, तो तुटला.
ब्रेक लागले. अकरा उतारू चालत खाली आले,
त्यातल्या एकीच्या हातात शिवणयंत्र होतं,
ते तिनं कुणाला धरू दिलं नाही.
तारिएलनं दोन तुकडे आणून टेबलावर ठेवले.
क्रोमवर ओरखडा नव्हता.
आतला तडा मात्र साखरेसारखा लखलखत होता.
"तेल माझंच कमी पडलं असेल," तो म्हणाला.
ओतारीनं पैसे परत केले.
तेवढंच केलं. "असेल" खोडलं नाही.

आता हौद नाया सांभाळते. धूर ओढणारा पंखा आहे,
जनरेटर आहे, भट्टीला आकडे दाखवणारी पाटी आहे.
ओतारी तरीही भट्टीपाशी बसतो,
मांडीवर गजराचं घड्याळ, चावीचं.
तारिएल गेला, त्यालाही सहा वर्षं झाली.

काल त्याचा मुलगा आला, गोणपाट घेऊन.
दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलेला
तो अर्धा क्रँक पायानं हलवून म्हणाला,
"हा अजून चकाकतोय की. कुणाचा?"

शिट्टी वाजली, लांब.
नायानं झाकण लावलं, वेळ खडूनं लिहिली.
"बस," ती म्हणाली, आणि ओतारीकडे पाहिलं.
"चार तास आहेत. हे सांगतील."